राहिलेले तीन आकडे

४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडून टाकायचं असेल तर खुशाल टाक, पण आधी वाच आणि मग फाड. पत्ता भाचीने दिला. तिला बोलू नकोस, मी महिनाभर तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला.

चौदा वर्षांनी लिहितोय आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, म्हणून आपल्या धंद्यापासूनच करतो. माझे दात गेले. सगळे. अकरा उरले होते, तेही हलायला लागले, म्हटलं एकदाचे काढून टाका आणि मोकळं करा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या केल्या, आता स्वतःची करायची वेळ आली. तू चिडवायचीस ना, "खुटखुट्या, तुझे पडतील तेव्हा बघू तुझी कारागिरी." बघ. आली ती वेळ.

कवळी मीच केली. मापसुद्धा आरशासमोर उभं राहून माझं मीच घेतलं. तुझी भावजय मापाचा लगदा कालवून देत होती, त्यातला अर्धा तिच्या नव्या चपलांवर सांडला. त्यावरून दोन दिवस घरात अबोला. समोरच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आलीय, तिच्या कवळ्यांचं काम आमच्याच लॅबकडे येतं. तिला मी विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, कालची पोर, ही मला काय शिकवणार! आणि दात झालेही असे देखणे की विचारू नकोस. आरशात बघून मीच माझ्यावर खूश.

मग तोंड उघडून बोललो, आणि सगळं मुसळ केरात.

प्रत्येक "स"ला शिट्टी. परवा मी "सकाळपासून" म्हणालो आणि तुझी भावजय कुकर झाला म्हणून गॅस बंद करायला धावली. खालची कवळी तर महाबिलंदर, जीभ उचलली की तीही उठते आणि वरचीवर जाऊन टकटक आपटते. चार वाक्यं बोललो की जबडा दुखतो. फोन उचलणं मी बंद केलंय. दूधवाल्याला बोटांनी सांगतो, एक की दोन. लोकांना वाटतं म्हातारा शिष्ट झाला.

हे तुला का सांगतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझी कवळी केली तेव्हा पद्धतच तशी होती, ताई. आम्ही मागच्या खोलीत, पेशंट पुढच्या खोलीत. साचा आत यायचा, कवळी बाहेर जायची. दात दिसतात कसे आणि चावतात कसे एवढंच आम्ही बघायचो. माणूस बोलतो कसा हे ऐकायला कोण बसलं होतं? एवढंच सांगायचं होतं. उत्तर पाठवायलाच हवं असं काही नाही.

थोरलीच्या पायावर डोकं ठेवतो, लाथ मारलीस तरी चालेल.

खुटखुट्या


१९ जानेवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. उत्तर नाही, म्हणजे वाचलंस. मी असं धरून चालतो, तूही मला चालू दे.

आज लिहायला बसलोय ते एका शिंप्यामुळे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवं दुकान निघालंय. दात गेल्यापासून मी वाळलो, सगळे सदरे ढगळ झाले, म्हणून दोन घेऊन तिकडे गेलो. पोरगा एकवीस-बावीस वर्षांचा, हाताला मोठा साफ. बहिरा आहे. समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो आणि स्वतः तोंडाने बोलतो.

मी म्हणालो, खांद्यात घे, कमरेत घे. तो माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. मी पुन्हा म्हणालो. त्याला काही कळेना. घरचे लोक माझं बोलणं अंदाजाने ओळखतात, पण त्याला ऐकूच येत नाही तर तो अंदाज कशावर बांधणार? त्याला फक्त ओठ आणि जीभ दिसतात. शेवटी त्याने कापायच्या टेबलावर खडूने लिहिलं, "दात नवे?"

मी मान हलवली. तो हसला आणि म्हणाला, "सवय होईल." हे दोन शब्द तो म्हणाला, ताई, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. त्याचे दात स्वतःचे, पांढरेशुभ्र, एकही कीड नाही. आणि "स" म्हणताना त्याची जीभ दातांच्या मधून चांगली बोटाच्या पेराएवढी बाहेर आली. बोलतो असा की "स" ओळखूही येत नाही. शेजारच्या पानपट्टीवरची टवाळ पोरं त्याची नक्कल करत होती. त्याला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

मी खडू घेतला आणि लिहिलं, बोलायला कोणी शिकवलं? त्याने लिहिलं, "बहिऱ्या मुलांची शाळा. बाईंनी." आणि मग कसा कोण जाणे, मोठ्या उत्साहाने त्याने सगळं टेबल लिहून भरवलं. बाई आरशासमोर बसवायच्या, एका आरशात दोन तोंडं. बाई करतील तसं करायचं. तो तेव्हा सात वर्षांचा होता. एक दिवस बाई नवे दात घालून आल्या आणि "स" शिकवायला लागल्या. साऱ्या वर्गाने बघून बघून तसंच केलं. बाईंनी अकरा मुलांच्या अकरा जिभा बाहेर आलेल्या पाहिल्या. मग आरशात स्वतःकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत.

शेवटची ओळ त्याने कापडाच्या चिंधीवर लिहिली, कारण टेबलावर जागाच उरली नव्हती. "आम्ही नीट शिकलो नाही म्हणून बाई गेल्या. मी अजून रोज आरशात करतो."

ताई, हे मला माहीत नव्हतं. तू नोकरी सोडलीस ते माझ्यावरच्या रागाने, असं मी चौदा वर्षं धरून चाललो होतो. "हट्टी आहे, नाक वर आहे" असं चारचौघांत बोललोही. मुलांचं मला खरंच माहीत नव्हतं.

त्याच्या टेबलापाशी मी तुझं नावसुद्धा काढू शकलो नाही. सदरे तिथेच टाकून घरी आलो.

खुटखुट्या


२ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. "पद्धतच तशी होती" हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं आज लिहितो, नाहीतर मला झोप लागायची नाही.

तू माझ्या टेबलावर ठेवून गेलीस ती कवळी मी टाकली नाही. इतकी वर्षं खालच्या खणात डबीत पडून होती. परवा काढली आणि मापली. पुढच्या दातांच्या मागे कवळीच्या टाळूची जाडी साडेतीन मिलिमीटर. असायला हवी दीड, फार तर दोन. जिभेला आत जागाच नव्हती, ती बिचारी बाहेर येणार नाही तर काय करणार?

आता एवढी जाड कशाने झाली ते ऐक. पॉलिश करताना ती माझ्या हातातून निसटली. टाळूला तडा गेला. नवी करायची तर पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शनिवार होता, आणि सोमवारी तुला शाळेत नवे दात घालून जायचं होतं. मी तड्यावर आतून एक थर चढवला आणि वरून असं पॉलिश मारलं की माझ्या गुरूलाही पत्ता लागला नसता. मनाशी म्हटलं, घरचीच तर आहे, चालवून घेईल. परक्या गिऱ्हाइकाची असती तर मी नवी केली असती, ताई.

म्हणून तू आलीस तेव्हा मी घाबरलो होतो. तू म्हणालीस, "अरे, बोलताना जीभ पुढे येतेय, आणि मुलं..." तुला मी पुढे बोलूच दिलं नाही. दोन कारागीर होते, जुने डॉक्टर होते, एक गिऱ्हाईक होतं. सगळ्यांसमोर म्हणालो, "दातांत काही दोष नाही, ताई. तुझी जीभच लांब आहे, लहानपणापासून." सगळे खो-खो हसले. तू कवळी काढलीस, रुमालाने पुसलीस, माझ्या टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. मीही हसत होतो. सगळ्यांत जोरात मीच.

भाची सांगते की तू त्यानंतर कुणाकडूनच दात करून घेतले नाहीस. पाटी जवळ ठेवतेस आणि लिहून काम भागवतेस. अकरा बहिऱ्या मुलांना बोलतं करणारी बाई, पाटीवर लिहिते.

आता माझी कवळी डॉक्टरीणबाईने दुरुस्त करून घेतली. मीच गेलो शेवटी, मान खाली घालून. तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "काका, एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा." मी मोजायला लागलो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. पोरगी माझ्या दातांकडे बघतच नव्हती, डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "पुढच्या दातांची कमान अरुंद आहे, जिभेची कोंडी होतेय. टाळू खरवडा. काका, दात दाखवायला देखणे केलेत, बोलायला नाही." चाळीस वर्षांचा माझा ताठा तिने दहा आकड्यांत उतरवला. पण खरं सांगतो, खरवडल्यावर शिट्टी गेली. आता आम्ही सगळ्यांचे दात आधी मेणात बसवतो, माणसाला मोजायला लावतो, आणि ऐकत ऐकत एकेक दात केसभर पुढे-मागे सरकवतो. मी मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आलोय, ताई.

मला तुझे दात करू दे. पुन्हा, पहिल्यापासून. क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. फक्त ये.

खुटखुट्या


१५ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं! तीन वेळा वाचलं, आहेत तीनच वाक्यं. "दात नंतर. आधी त्या मुलाला माझ्यासमोर बसव. शुक्रवारी येते."

तुझी भावजय कार्ड घेऊन शेजारी दाखवून आली. खोली झाडली, उशीचे अभ्रे बदलले. मला म्हणते, "नणंदबाईंसमोर जरा गप्प बसा, तेवढं जमलं तरी पुष्कळ." मी म्हटलं, दात नव्हते तेव्हा तर बसलोच होतो की.

स्टँडवर मी घ्यायला येतो. दोन पायऱ्या फुटक्या आहेत, डावीकडून उतर. चौदा वर्षांत तुझ्या हिरड्या झिजल्या असतील, खालची बसायला जरा सतावेल, पण त्याची तू काळजी करू नकोस, ती माझी आणि डॉक्टरीणबाईची डोकेदुखी. शिंप्याला काही सांगितलं नाही. सांगणार कसा, माझं धाडस झालं नाही. फक्त म्हटलं, शुक्रवारी दुकान लवकर बंद कर.

खुटखुट्या


९ मार्च

ताई,

सुखरूप पोचलीस ते भाचीकडून कळलं.

आठ दिवस राहिलीस. बोळक्या तोंडाने तू तुझ्या भावजयीशी बोललीस, डॉक्टरीणबाईला पाटीवर लिहून शंभर प्रश्न विचारलेस, शिंप्याला जवळ घेऊन बसलीस. माझ्याशी अवाक्षर काढलं नाहीस. स्टँडवर मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर पिशवी दिलीस, नजर दिली नाहीस. तक्रार करत नाही. माझ्या वाटेला जे आलं ते मी सांगतो, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की माझं लक्ष होतं.

माझ्या वाटेला आकडे आले. मेणात दात बसवून तू माझ्यासमोर बसलीस, दोघांचे गुडघे टेकतील इतकी जवळ. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, एकसष्टपासून." आणि तू सुरुवात केलीस. पहिल्यांदा घरंगळलं. मी पुढचे दोन दात केसभर पुढे घेतले. पुन्हा. टाळूचं मेण खरवडलं. पुन्हा. पाचव्या खेपेला "एकसष्ट" असा आला, ताई, की मला आपली जुनी खोली दिसली. मी पाढे चुकायचो, तू दाराआडून बरोबर आकडा सांगायचीस, तोच आवाज. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. सदुसष्टला मी उठलो. म्हणालो, मेण आणतो. मेण टेबलावरच होतं. तुला दिसत होतं.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत आलो, तोवर डॉक्टरीणबाईने "झालं, छान" म्हणून तुला उठवलं होतं.

आणि शिंपी. नवे दात घालून तू त्याला आरशासमोर घेऊन बसलीस, पूर्वीसारखी, एका आरशात दोन तोंडं. तुझ्या कार्डाप्रमाणे शुक्रवारी आपण आधी त्याच्याकडेच गेलो, तेव्हा त्याने तुला दारातच ओळखलं होतं, आणि कात्री हातात तशीच धरून उभा राहिला होता. तू आधी "स" काढला नाहीस. आधी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालीस, "तुम्ही नीट शिकलात. चूक माझ्या दातांची होती." तो तुझ्या तोंडाकडे बघत राहिला. तू तेच तीनदा म्हणालीस. मग तो मान खाली घालून लहान पोरासारखा रडला. मी तुमच्या मागेच उभा होतो. दात कोणी केले ते तू सांगितलं नाहीस. आरशात मी दिसत होतो, तरी सांगितलं नाहीस.

तू गेल्यावर मी त्याच्या दुकानात गेलो आणि टेबलावर खडूने लिहिलं, "ते दात मी केले होते. तडा गेला होता, मी लपवला."

त्याने वाचलं. मग खडू घेतला. मला वाटलं, आता चार शिव्या येतील, आणि याव्यातच. त्याने लिहिलं, "तुमचे सदरे उद्या देणार होतो. आता पुढच्या महिन्यात." आणि माझ्याकडे बघून हसला. मग स्टूल ओढलं, मला आरशासमोर बसवलं आणि लिहिलं, "बाईंनी सांगितलंय रोज करायचं. बाई नाहीत तर तुम्ही करा. मी बघतो."

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी तिथे जातो. तू सांगितलंस तसा हात तोंडासमोर धरायचा, हवेची बारीक थंड रेघ हाताला लागली पाहिजे. चौदा वर्षांची सवय, दोन-चार दिवसांत कुठे जाते? पण काल त्याची जीभ पहिल्यांदा आत राहिली. त्याने हात पुढे केला, रेघ लागली, आणि त्याने माझाही हात ओढून आपल्या तोंडासमोर धरला. "सुई" म्हणाला. अगदी साफ, ताई. पानपट्टीवरचं एक टवाळ पोरगं बघत होतं, तेही गप्प झालं.

तुला हे कळायला हवं होतं म्हणून लिहिलं.

खुटखुट्या


१६ मार्च

ताई,

काल सकाळी फोन वाजला. मी आता उचलतो, माझी शिट्टी गेलीय. उचलला, "कोण?" म्हणालो. मग तू म्हणालीस, "खुटखुट्या."

चौदा वर्षांनी हे नाव माझ्या कानावर आलं. स्वतःचं नाव मी पत्राखाली पाच वेळा लिहिलंय, पण ते ऐकणं वेगळं असतं.

तू म्हणालीस, "सदुसष्टला उठून गेलास. राहिलेले ऐक." आणि म्हणालीस, "अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर." एकही घरंगळला नाही. मग म्हणालीस, "आता सांग. जीभ लांब आहे का माझी?"

आणि मी बोललो नाही. तू "ऐकतोयस ना?" असं दोनदा विचारलंस. मी ऐकत होतो. तुझी भावजय समोर उभी राहून हातवारे करत होती, बोला, बोला! कवळी पक्की बसली होती, वरची आणि खालचीही, टकटक नाही, शिट्टी नाही, जिभेला हवी तेवढी जागा. दहा आकड्यांत दोष सापडतो असं मी लोकांना सांगत फिरतो, पण काल माझ्या तोंडात सापडण्यासारखा एकही दोष नव्हता. तू वाट बघितलीस आणि ठेवून दिलास. माझ्या रडण्याचा आवाज तुला गेला की नाही, मला माहीत नाही.

तू रागावून ठेवलास असं मला वाटत नाही. पण मागच्या वेळीही मी माझ्या मनाने काहीबाही धरून चाललो आणि चौदा वर्षं गेली. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवतो, दुसऱ्याच दिवशी, टपालपेटी उघडायच्या आत.

नाही, ताई. तुझी जीभ बरोबर होती. लांब माझी होती.

हे मी तेव्हा चार माणसांसमोर म्हणायला हवं होतं, म्हणून आज सकाळी शिंप्याच्या दुकानात पानपट्टीच्या पोरांसमोर मोठ्याने म्हणून बघितलं. नीट आलं. शिंप्याने माझे ओठ वाचले आणि मान हलवली.

रविवारी सकाळी पुन्हा फोन कर. या वेळी मी बोलेन.

तुझा धाकटा,
खुटखुट्या